शेवंती खडपावरची सावली

दुपारी पानं वाढून वृंदा आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. दिगंबर खुर्चीत बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातांत पातळ मोजे, मान थोडी वर उचललेली. कुणाच्या खांद्यावर हात ठेवायला जावा तसा त्याचा उजवा हात हळूहळू पुढे सरकत होता.

"अहो, भात गार होतोय."

"आलो," तो म्हणाला.

तो आला नाही. वृंदा एकटीच जेवली. त्याच्या ताटावर झाकण ठेवून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिनं आपला चष्मा चढवला. तीही समुद्रातच गेली, अगदी त्याच जागी. फक्त तिचा समुद्र वेगळा होता.

रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून सरळ पश्चिमेला गेलं की खोल समुद्रात एक पठार बुडालेलं होतं. मच्छीमार त्याला शेवंती खडप म्हणत. नांगराला अडकून तिथून जे तुकडे वर येत, ते शेवंतीच्या फुलांसारखे दिसत. ते प्रवाळ होते. तिथवर जायला बोटीनं रात्रभर लागायचं आणि पाण्यात उतरायला प्रशिक्षण लागायचं, त्यामुळे खडप पाहिलेली माणसं अगदी मोजकी होती.

मग सागरजीव केंद्रानं त्याचं जुळं बनवलं. केंद्राचे पाणबुडे काही महिने खडपावर उतरत राहिले आणि त्यांनी लाखो फोटो काढले, पाण्यातले आवाजही टिपले. एकच दगड दोन जागांवरून काढलेल्या फोटोंत दिसला की तो केवढा आहे, किती लांब आहे, हे संगणकाला काढता येतं. आपले दोन डोळेही तेच करतात. असे सगळे फोटो एकमेकांत गुंफून संगणकानं अख्खं खडप उभं केलं. चष्मा लावला की माणूस त्यात शिरायचा आणि हात हलवले की पोहायला लागायचा. लातूरच्या शाळेतली मुलं, नागपूरचे पेन्शनर, रुग्णालयात खाटेला खिळलेली माणसं, सगळी शेवंती खडपावर हिंडू लागली.

नंतर केंद्रानं खऱ्या खडपावर कॅमेरे, मायक्रोफोन आणि तापमापक बसवले. त्यांच्याकडून क्षणाक्षणाची खबर उपग्रहावरून येऊ लागली आणि जुळ्याला दोन दारं झाली. एक 'मूळ', म्हणजे पहिल्यांदा फोटो काढले तेव्हाचं खडप. दुसरं 'आज'. दिगंबर मूळमध्ये जायचा. वृंदा आजमध्ये.

त्यांचा मुलगा ओजस त्या पाणबुड्यांपैकी एक होता. कॅमेरे बदलायला गेलेला असताना पाण्याच्या अचानक आलेल्या ओढीत तो बाकीच्यांपासून तुटला. तटरक्षक दलाच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं, मच्छीमारांनी आपणहून होड्या काढल्या. काही मिळालं नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्यातल्या त्यांच्या घरातून अंत्ययात्रा निघालीच नाही.

पहिलं वर्षभर दोघं बरोबरच मूळमध्ये जात. तिथे एका उंच कातळात एक घळ होती. आत प्रवाळाचे जांभळे पंखे, बाहेर केशरी झुडपं, त्यांच्यातून सुळसुळणारे पिवळे मासे. घळीच्या भिंतीवर एक सावली होती. माणसाची सावली, एक हात वर केलेला. फोटोंतून हलणाऱ्या वस्तू संगणक पुसून टाकतो; मासे केंद्रानं नंतर वेगळे सोडले होते. माणसंही त्यानं पुसली होती. पण ही सावली भिंतीचाच काळपट भाग समजून त्यानं राहू दिली होती. दिगंबरनं ती पाहिली आणि तो तिथेच थांबला.

"तोच आहे," तो म्हणाला. "हात बघ, कसा वर केलाय. शाळेतून येताना फाटकापासून असाच हात करायचा."

वृंदानं पाहिलं. तिलाही तसंच वाटलं. निदान तेव्हा वाटलं.

दिगंबरनं उभं आयुष्य मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात काढलं होतं. पहाटे लाद्या काढायच्या, अमोनियाच्या नळ्या तपासायच्या, होड्यांना बर्फ द्यायचा. बोलका माणूस. बंदरावर त्याला नावानं ओळखत नाही असा होडीचा तांडेल नव्हता. तो आता दिवसाचा बहुतेक वेळ त्या घळीसमोर असायचा. सावलीशी बोलायचा. डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे चष्मा बंद म्हणून सांगितल्यावर त्यानं शस्त्रक्रियाच पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली.

वृंदा आजमध्ये गेली ती चुकून. एके दिवशी हात सरकला आणि दुसरं दार उघडलं. खडप पांढरं पडलं होतं. झुडपं, पंखे, घुमट, सगळं हाडासारखं पांढरं, आणि वरून निळा उजेड. बर्फ पडल्यासारखं सुंदर दिसत होतं. तिला काही कळेना. तिनं मुग्धाला फोन केला.

मुग्धा लोटलीकर ही ओजसची केंद्रातली सहकारी. तो गेल्यापासून अधूनमधून घरी यायची.

"काकू, समुद्र तापलाय," मुग्धा म्हणाली. "प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न करतं आणि प्रवाळाला देतं. त्याचा रंगही त्या शेवाळाचाच. पाणी फार तापलं की हेच शेवाळ विषारी द्रव्यं सोडायला लागतं, मग प्रवाळ त्याला अंगाबाहेर टाकतो. कातडी पारदर्शक होते आणि आतला सांगाडा दिसतो."

"म्हणजे मेलं ते?"

"नाही. उपाशी आहे. पाणी लवकर गार झालं तर शेवाळ परत येतं. नाही झालं तर मग मरतं."

वृंदानं पस्तीस वर्षं सिव्हिल हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली होती. पांढरंफटक पडलेलं, उपाशी आणि अजून जिवंत, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून ती रोज आजमध्ये जाऊ लागली. बसायची, इतकंच. पाण्याचं तापमान बघायची, जसा एकेकाळी खाटेच्या पायथ्याचा तक्ता बघायची. प्रवाळावरचे झिंगे कडकड आवाज करतात, कढईत मोहरी तडतडावी तशी. तो आवाज ऐकायची. माशांची पिल्लं त्याच आवाजाच्या रोखानं घर शोधत येतात, असं मुग्धानं तिला सांगितलं होतं. जिवंत खडप गोंगाट करतं.

पाणी गार झालं नाही. पांढऱ्यावर आधी पिवळट थर चढला, मग हिरवट, मग तपकिरी मऊ शेवाळ, मेलेल्या दगडावर चढतं ते. पंखे मोडून पडले. मासे कमी होत गेले. तडतड विरळ होत गेली.

"एकदा तरी बघा चला," ती दिगंबरला म्हणायची.

"मेलेलं काय बघायचं?"

"अजून सगळं नाही मेलेलं."

"तूच बघ," तो म्हणायचा. "माझा आहे तिथे बरा आहे."

एकाच घरात, मध्ये एक भिंत, आणि दोघांमध्ये तेच पठार. एकाचं भरलेलं, एकीचं रिकामं होत चाललेलं.

गणपती होऊन गेल्यावर मुग्धा आली. दिगंबर आत होता. वृंदानं चहा ठेवला. मुग्धा स्वयंपाकघरातच स्टुलावर बसली.

"काकू, 'आज'चं दार बंद करतायत. महिनाअखेरीस."

"का?"

"निम्म्याहून जास्त कॅमेऱ्यांवर शेवाळ आलंय. बदलायला बोट पाठवायची तर मंजुरी मिळत नाही. आणि बघायलाही कुणी येत नाही. मूळमध्ये रोज हजारो लोक असतात, आजमध्ये काल दिवसभर तुम्ही एकट्याच होता. मी मीटिंगमध्ये भांडले. ते म्हणाले, खडप तर आहेच की, लोक रोज बघतायत."

वृंदानं गॅस बारीक केला.

"अजून एक आहे. मूळची नवी आवृत्ती करतायत. त्यातले दोष काढणार. यादीत ती सावली आहे."

"मग काढायची नाही म्हणून सांग. यांचं काय होईल, माहितीये ना तुला?"

"सांगू शकते. राहू देतील ते. एका सावलीचं काय." मुग्धाचा आवाज खाली गेला. "पण काकू, ती ओजसची नाहीये. माझी आहे."

वृंदानं तिच्याकडे पाहिलं.

"मी घळीपाशी मोजपट्टीची काठी धरून उभी होते. फोटोत माप यावं म्हणून धरावी लागते. म्हणून हात वर आहे. संगणकानं मला पुसलं, काठी पुसली. सावली तेवढी राहिली. काकांनी पहिल्या वर्षी मला आत नेऊन दाखवली. माझा हात धरून म्हणाले, बघ, ओजस. मला नाही बोलता आलं. नंतर तर ते आणखीच अवघड होत गेलं." तिनं डोळे पुसले. "तुम्ही म्हणाल तसं करते. ठेवायची तर ठेवू."

"कळवते," वृंदा म्हणाली. मुग्धा गेल्यावर ती आतल्या खोलीत डोकावली. दिगंबर बोलत होता. पावसानं यंदा अंगणातली फरशी उखडली, गवंडी येतो म्हणतो आणि येत नाही, असं काहीतरी तो सावलीला सांगत होता. ही फरशीची गोष्ट त्यानं वृंदाकडे काढलीही नव्हती.

ती गोष्ट ऐकून तिचं ठरलं. रागानं ठरलं की दुःखानं, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं.

मृत्यूची बातमी कशी द्यायची हे तिला ठाऊक होतं. उभ्यानं द्यायची नाही. समोर बसायचं, नजर बरोबरीत ठेवायची, शब्द साधे वापरायचे, आणि सांगून झाल्यावर गप्प राहायचं. संध्याकाळी चहाच्या वेळी ती दिगंबरसमोर बसली.

"ती सावली ओजसची नाही. मुग्धाची आहे. ती तिथे काठी धरून उभी होती. तिनं स्वतः सांगितलं मला."

दिगंबरनं बशी खाली ठेवली.

"तुला काय मिळालं हे सांगून?"

तो उठून आत गेला, त्यानं चष्मा लावला, आणि थोड्याच वेळात काढून टेबलावर ठेवला. तो आवाज तिला बाहेर ऐकू आला.

त्यानंतर त्यानं चष्मा लावला नाही. हाक मारली की जेवायला यायचा, पुढ्यात असेल ते खायचा. अंगणात उखडलेल्या फरशीजवळ खुर्ची टाकून बसायचा. फाटकातून कुणी आत आलं तर नुसती मान हलवायचा. वृंदाला हवं होतं तसं तो घरात परत आला होता, आणि घरात कुणीच आल्यासारखं वाटत नव्हतं. हॉस्पिटलात बातमी सांगून झाली की ड्यूटी संपायची. ती सडा-रांगोळीच्या, भाजी-आमटीच्या जगात परत यायची, आणि ते नातेवाईक पुढे कसे जगले हे तिला कधी कळायचं नाही. आता ते पुढचं जगणं तिच्याच घरात, तिच्याच समोर बसलेलं होतं.

एकदा तिनं म्हटलं, "मी चुकले का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला आधी काहीतरी होतं. आता नाही. एवढंच माहितीये."

तिनं मुग्धाला फोन करून सांगितलं, की सावली काढून टाका. आता ती कुणाच्याच कामाची नाही.

'आज' बंद व्हायचा दिवस आला. वृंदा जेवण उरकून बसली. चालू कॅमेरे थोडेच उरले होते. जिथलं दिसत नव्हतं तिथे संगणक राखाडी धुकं दाखवायचा. अंदाजानं काही भरायचं नाही, हा 'आज'चा नियम ओजसच्याच हट्टानं झाला होता असं मुग्धा सांगायची. वृंदा धुक्यातून वाट काढत घळीपाशी आली. आत शेवाळाच्या झिपऱ्या लोंबत होत्या. झिंग्यांची तडतड थांबलेली होती. कुठून तरी एखादी टिचकी यायची, मग बराच वेळ काही नाही.

खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिच्या शेजारी पाण्यात एक उजेडाचा ठिपका उमटला. आत आलेली माणसं एकमेकांना अशीच दिसत.

"किती शांत आहे," दिगंबरचा आवाज आला.

"पूर्वी नव्हतं."

त्यानं सगळीकडे नजर फिरवली असावी, कारण ठिपका हळूहळू वळत गेला. "हे तू रोज बघत होतीस?"

"हो."

"एकटी?"

दोघं घळीसमोर थांबून राहिली. एक पिवळा मासा शेवाळातून बाहेर आला, घुटमळला आणि परत आत गेला. मग चारी बाजूंनी धुकं दाटत आलं आणि घळ गेली, कातळ गेला, पाणी गेलं. राखाडी पडद्यावर केंद्राचा आभाराचा निरोप आला. वृंदानं चष्मा काढला. दिगंबरनं काढला नव्हता. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि मुलगा गेल्यापासून ती त्याला पहिल्यांदा रडताना बघत होती.

"एक विचारू?" तो थोड्या वेळानं म्हणाला. "मुग्धा काठी धरून उभी होती. मग ओजस कुठे होता?"

वृंदाला हे सुचलंच नव्हतं. तिनं तिथल्या तिथे मुग्धाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"तो समोर होता काका," मुग्धा म्हणाली. "कॅमेरा त्याच्याकडे होता. ती घळ, ती सगळी उत्तरेची बाजू त्यानंच टिपलीये. सावली माझी होती, पण दिवा त्याचा होता. तुम्ही घळीसमोर जिथे थांबायचात ना, साधारण तिथेच तो होता."

दिगंबरनं चष्मा काढला. मग म्हणाला, "पुढे कुठे गेला तो? त्या घळीपासून?"

प्रत्येक फोटोची जागा आणि क्रम केंद्राकडे होता. घळ टिपली त्या दिवसाची ओजसची वाट मुग्धानं काढून दिली. मूळमध्ये ती पाण्यातून जाणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषेसारखी दिसायची, आणि फक्त त्या दोघांनाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी बसली. वृंदा कितीतरी दिवसांनी मूळमध्ये आली होती. रंग एकदम अंगावर आले. तडतड इतकी मोठी होती की तिनं आवाज कमी केला. नवी आवृत्ती आली होती. घळीची भिंत स्वच्छ होती. दिगंबरनं तिकडे क्षणभर पाहिलं आणि पाठ फिरवली. पाठीमागे काय आहे हे त्यानं इतक्या दिवसांत कधी पाहिलंच नव्हतं.

रेष घळीपासून डावीकडे जात होती. एका घुमटाभोवती तिनं सावकाश चक्कर मारली होती. पुढे एका भेगेपाशी ती खाली वाकली होती आणि तिथेच कितीतरी वेळा फिरून आली होती.

"इथे काय केलं एवढं?" दिगंबर म्हणाला.

दोघांनी वाकून पाहिलं. भेगेत नखाएवढी निळी गोगलगाय होती. कामाशी तिचा काही संबंध नव्हता. त्याला ती आवडली असणार.

"याला वेळेचं भान कधी नव्हतंच," दिगंबर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुनी तक्रार होती, घरातली, जिवंत माणसाविषयीची.

दोघं रेषेमागे जात राहिली. केशरी झुडपांच्या वरून, पंख्यांच्या रांगेतून, जिथे तो थबकला तिथे थबकत. त्यानं पाहिलेलं त्याच्या उंचीवरून, त्याच्या गतीनं बघत. यातलं आता समुद्रात काहीही नव्हतं. वृंदाला प्रत्येक जागा ठाऊक होती. हा पंखा मोडताना तिनं पाहिला होता, हा घुमट तपकिरी होताना. ती ते बोलली नाही.

पठाराच्या कडेशी रेष संपली. पुढे नुसतं गर्द निळं होतं. त्याच्या पुढचे फोटोच काढलेले नव्हते.

"हवा संपत आली असेल," दिगंबर म्हणाला. "इथून वर गेला असणार. त्या दिवशी बोटीवर परत गेला, जेवला असेल, झोपला असेल." तो थोडा वेळ त्या निळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल वृंदा. पुरे झालं. चहा टाकतो मी."

त्याच्या खुर्चीचा आवाज झाला. चष्मा टेबलावर ठेवल्याचा झाला.

वृंदा हलली नाही. खडपाजवळ ती एवढे महिने बसली होती. तापमान बघितलं होतं, आवाज ऐकला होता, एकदाही रडली नव्हती. माणूस बघायला येणाऱ्यांनी रडायचं, नर्सनं नाही, ही सवय अंगात इतकी मुरलेली होती. आता त्या भरल्या, गोंगाट करणाऱ्या, कधीच मरून गेलेल्या खडपाच्या कडेला तिला रडू फुटलं. तिनं हात पुढे केला. मोज्यात काहीच लागलं नाही.

"वृंदा," दिगंबर म्हणाला. "चल बाहेर."

"थांबा ना थोडं," ती म्हणाली. "मी आत्ताच आलेय."

तो थांबला. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला, आणि ती बाहेर येईपर्यंत उठला नाही.